कोकणातला गाळ, चंद्रपूरचा उन्हाळा

बाई, कालपासून जीव थाऱ्यावर नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो. घरची म्हणते, "काऊन फिरून राह्यले घरातल्या घरात?" तिला काय सांगू? सांगायचं ते तुम्हाला आहे, आणि तुम्हाला जाऊन किती वर्षं लोटली.

ऐंशीच्या दशकातली आपली कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. तुम्ही भूगर्भशास्त्राच्या बाई, मी तिथला शिपाई, शाळा अर्धवट सुटलेला. सुट्टीत तुम्ही कोकणातल्या खाडीकाठी नळ्या ठोकून गाळ काढायच्या आणि रेल्वेनं चंद्रपूरला आणायच्या. हेडक्लार्कचा टोमणा ठरलेला, "बाई, ह्या जंगलात समुद्र कुठी शोधून राह्यल्या?" तुम्ही हसून म्हणायच्या, "समुद्र नाई भाऊ, त्याचा जुना पत्ता." मला तुम्ही गाळ चाळून खसखशीहून बारीक कवचं ब्रशच्या टोकानं उचलायला शिकवलं. वाळूचे कण चिकटवून घर बांधणारे तपकिरी जीव मोठ्या भरतीच्या अगदी वरच्या काठावर राहतात. पांढऱ्या, चुन्याच्या कवचांचे त्याच्या खाली, जिथं पाणी रोज चढतं. कुठल्या थरात कोण, त्यावरून त्या काळी समुद्र किती उंच होता ते कळतं.

मे महिन्यात खोलीचा पत्रा तापलेला. माठाला गुंडाळतात तसं चिरलेल्या नळ्यांना आपण ओलं पोतं गुंडाळून ठेवलं होतं. काळ्या पालापाचोळ्याच्या पट्ट्याखालच्या निळसर थरात नुसते तपकिरी निघाले. म्हणजे समुद्राचा काठ एके काळी एवढा खाली! त्या दिवशी तुम्ही घरी बोलावून वडाभात वाढला, वरून तेलाची धार धरली, आणि स्वतः जेवायचंच विसरल्या. परिषदेला निबंधही गेला.

मग एका सकाळी तुम्ही नळीला नाक लावता आणि तशाच थबकता. फटाक्याच्या दारूसारखा वास. निळा कागद टेकवला तर लाल. "भाऊ, गाळ आंबला. ओल अन् उन्हाळ्यानं आम्ल झालं, त्यानं चुना खाल्ला. पांढरे होते का नव्हते, आता कोन सांगन?" मी म्हणालो, "तपकिरी तर हायेत ना बाई. छापून टाका." तुम्ही कडाडल्या, "साक्षीदार विरघळला अन् तुमी निकाल मागून राह्यले!" निबंध तुम्ही परत मागवला. हिवाळ्यात नवा गाळ काढू म्हणाल्या, सोबत खायचा सोडा नेऊ, म्हणजे आंबणार नाही. हिवाळ्याआधीच दुखण्यानं तुम्हाला नेलं. तेव्हापासून डोक्यात भुंगा, की बाईंचा पहिला निकाल खरा होता आणि एका ओल्या पोत्यानं तो गेला.

आता पोरगी नोकरीनं त्याच खाडीकडे आहे. गेल्या महिन्यात गेलो तर कुणी कोळंबीसाठी तळं खोदलेलं, आणि कापलेल्या कडेला तोच काळा पट्टा, खाली तोच निळसर थर. मूठभर घेतला, ओल राहून आंबू नये म्हणून तिथंच ताटात पसरून वाळवला. पोरगी म्हणते, "बाबा, इथी लोकं मासळी सुकवतात, तुम्ही चिखल काऊन सुकवून राह्यले?" काल आपल्या कॉलेजात गेलो. नव्या मॅडमनं सूक्ष्मदर्शक लावून दिला आणि स्वतः वर्गावर निघून गेल्या.

आधी तपकिरी दिसले. मग पांढरे. मग पांढरेच पांढरे, बाई. समुद्र तिथं खाली नव्हताच, त्या जागेवर रोज पाणी चढत होतं. तुम्ही थांबल्या तेच बरोबर. हे कळून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एवढी वर्षं मी तुमच्या पहिल्या निकालालाच जपून होतो, त्या वडाभाताच्या दिवशीचा तुमचा चेहरा आठवत.

हे पत्र जाणार कुठं? म्हणूनच लिहितो. पांढरे बाजूला सारायला मी ब्रश उचलला होता. खोलीत कुणी नव्हतं. सारले नाहीत, बाई. पण हात बराच वेळ तिथंच थांबला होता.