कल्याण सरांनी दोन्ही संघांसाठी सही केली त्याबाबत

प्रति,
मा. तालुका क्रीडा अधिकारी,
भोकरदन, जि. जालना.

विषय : कल्याण सरांवरील कारवाई थांबविण्याबाबत व अर्जदारास फुटबॉल प्रशिक्षकाच्या शिबिरात प्रवेश मिळण्याबाबत.

संदर्भ : मुलींच्या फुटबॉल स्पर्धेतील राखून ठेवलेला निकाल.

अर्जदार : प्रेमला मल्हारी तळेकर, रा. केदारखेडा. धंदा शेतमजुरी.

महोदय,

१. अर्जदार गावातील मुलींना संध्याकाळी बाजारतळावर विनामूल्य फुटबॉल शिकवते. खेळणाऱ्या मुली मजुरांच्या व मेंढपाळांच्या घरच्या आहेत. जालन्यातील खासगी वर्गाची फी त्यांच्या घरी कोणाला झेपणारी नाही, आणि झेपली तरी रोज एसटीने जाऊन येणे शक्य नाही. हा खेळ अर्जदाराचा पुतण्या रामप्रसाद याने सुरू केला. त्यास नवीन जालना येथे बियाणे कंपनीत नोकरी लागली. अर्जदार तेव्हा मुलगी अर्पिता हिला घरी नेण्यासाठी रोज मैदानाच्या कडेला उभी राहत असे. जाताना त्याने शिट्टी अर्जदाराच्या हातात दिली व म्हणाला, "काकू, आता तुम्हीच घ्या. रोज बघून राह्यल्या न्हाई का?" अर्जदाराने नको म्हटले, परंतु दुसऱ्या दिवशी मुली दारात येऊन उभ्या राहिल्या.

२. बुटांचे जोड कमी व मुली जास्त आहेत. त्यामुळे मैदानाबाहेर येणारी मुलगी आत जाणारीस बूट काढून देते. बूट मोठा झाल्यास पुढे कापूस भरतात. कापसाची आपल्याकडे वाण नाही.

३. स्पर्धेच्या दिवशी भोकरदन येथे पोहोचल्यावर समजले की, प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक असल्याशिवाय संघास उतरता येत नाही. टेबलावरील गृहस्थांनी नियम दाखविला. नियम बराबर होता. अर्जदाराने मुलींना डबे खाऊन घ्या म्हटले. अर्पिता म्हणाली, "आई, डबा खायला आल्तो का आपण?"

४. समोरचा संघ शहरातील एका शाळेचा होता. त्यांचे क्रीडाशिक्षक कल्याण सर हे ऐकत उभे होते. ते म्हणाले, "ताई, माझं नाव टाका. पोरी आल्यात तर खेळून जाऊ द्या. एका माणसानं दोन सह्या करू नये असं कुठं लिहिलेलं न्हाई." टेबलावरील गृहस्थांनी नियम पुन्हा वाचला. तसे लिहिलेले नव्हते.

५. सामना सुरू झाला. कल्याण सर मधल्या रेषेवर उभे राहून स्वतःच्या मुलींना सूचना देत होते. अर्जदार दोरीबाहेरून आमच्या मुलींना देत होती. शेवटाकडे अर्पिताने चेंडूस लाथ मारली असता चेंडू व तिचा उजवा बूट दोन्ही गोलाकडे गेले. समोरच्या गोलरक्षक मुलीने झेप घेऊन बूट अचूक पकडला. चेंडू दुसऱ्या बाजूने आत गेला. पंचांनी बूट तपासला, कापूस बाहेर काढून पाहिला व गोल दिला. केदारखेडा संघ जिंकला.

६. सामना संपल्यावर दोन्ही प्रशिक्षकांनी हस्तांदोलन करावयाचे असते. सरांनी आपलेच दोन्ही हात एकमेकांत धरून हलविले. मैदान हसले, परंतु त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक हसले नाहीत.

७. मुख्याध्यापकांनी हरकत घेण्यास सांगितले. हरकतीवर पराभूत प्रशिक्षकाची सही लागते, म्हणून सरांनी "गोलरक्षकाची दिशाभूल झाली" असे लिहून सही केली. हरकतीस विजयी प्रशिक्षकाने उत्तर द्यावे लागते, म्हणून त्यांनीच खाली "बूट सैल होता, हेतू नव्हता" असे लिहून सही केली. दोन्ही मजकूर एकाच हस्ताक्षरात पाहून समितीस निकाल राखून ठेवण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. यात समितीचा दोष नाही.

८. दुसऱ्या दिवशी शाळेने सरांकडे खुलासा मागितला व खेळाचे तास काढून घेतले. त्यांनी मुद्दाम आपला संघ हरविला, असे शाळेचे म्हणणे आहे. अर्जदार त्यांना भेटण्यास गेली असता ते म्हणाले, "ताई, मी माझ्या पोरींना जिंकायलाच शिकवलं होतं. त्या दिवशी तुमच्या जास्त पळाल्या." स्वतःच्या नोकरीविषयी ते बोलले नाहीत. अर्जदारास रस्ताभर वाईट वाटत राहिले. मदत करणाऱ्या माणसाचे नुकसान होऊन मिळालेला विजय मुलींनाही नको आहे. तसे त्यांनी स्वतःहून सांगितले आहे.

९. तरी नम्र विनंती की, निकाल समोरच्या शाळेच्या बाजूने द्यावयाचा असल्यास तसा द्यावा, आमची तक्रार राहणार नाही. परंतु कल्याण सरांची वागणूक खेळाला धरून होती, असे आपल्या सहीचे पत्र त्यांच्या शाळेस जावे.

१०. दुसरे असे की, पुढील वर्षी कोणाची सही मागण्याची वेळ येऊ नये म्हणून अर्जदारास डिसेंबरातील प्रशिक्षक शिबिरात घ्यावे. शिबिरास दहावी उत्तीर्ण ही अट आहे. अर्जदार सातवीपर्यंत शिकली आहे, पुढे लग्न झाले. यंदा दहावीस बाहेरून बसण्याचा फॉर्म भरला आहे. मराठी व इतिहास जमतो. बीजगणित अर्पिता शिकवते व चुकल्यास रागावते. परीक्षा मार्चमध्ये असल्याने तोपर्यंत अट शिथिल करावी. नापास झाल्यास प्रमाणपत्र परत करीन. परंतु तसे होईल असे मुलींना वाटत नाही, आणि अलीकडे अर्जदारासही वाटत नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
प्रेमला मल्हारी तळेकर
केदारखेडा, ता. भोकरदन
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) दहावीचा फॉर्म भरल्याची पावती
२) समोरच्या संघाच्या गोलरक्षक मुलीचे निवेदन ("माझी दिशाभूल झाली नाही. मला बूटच चेंडू वाटला.")