मुसाचं झटपट पीठ

नेवाला, ३ सप्टेंबर १९९८

चि. असुमिनी हिस मराहबा आणि भरभरून आशीर्वाद.

कॉलेजात आपल्या मुहोगोचा, तुमच्या पुस्तकातल्या कसाव्याचा, कंद चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघता म्हणे. तुझी आई हसत सुटली. कंद चिरायला दारेसलामला कशाला जायला हवं होतं, असं तिचं म्हणणं.

इथे पाऊस नाही. कंद तीन दिवस भिजत घालायला पाणी कुठलं? मग मीच युक्ती काढली. पातळ चिरायचा, पत्र्यावर दीड दिवस वाळवायचा, की थेट माझ्या गिरणीत. गाव त्याला मुसाचं झटपट पीठ म्हणतं. त्याची शिजवलेली घट्ट उगाली जरा कडू लागते, पण यंदा गोड काय आहे? तुझी धाकटी बहीण झैना मासा ताटात ठेवून नुसती उगाली रेटते. शेजारची सोमोए मात्र चार दिवस चटईवरून उठली नाही. पाय काठीसारखे ताठ. सासू म्हणते, कुणीतरी करणी केली.

आठवण ठेव, लोभ तर आहेच.
तुझा बाबा मुसा

दारेसलाम, १४ सप्टेंबर

ती. बाबांस शिकामू, वि. वि.

सोमोएचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. रागावू नका, पण ते पीठ आजच थांबवा. कंदाच्या पेशीत विष साखरेला बांधलेलं असतं आणि ते सोडवणारं विकर वेगळ्या जागी. कंद भिजून पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते, विष वायू होऊन उडून जातं. तुमच्या पत्र्यावर कंद इतका भराभर वाळतो, की गाठच पडत नाही. विष पिठात राहतं. अवर्षणात ते आणखी वाढतं आणि बायकामुलांचे पाय कायमचे ताठ करतं.

सोबत पिवळ्या कागदाच्या पट्ट्या आहेत. बाटलीत पीठ नि पाणी घाला, पट्टी पाण्याला न लावता आत टांगा, झाकण घट्ट लावून एक दिवस ठेवा. ती विटकरी झाली, तर ते पीठ कुणालाही देऊ नका.

आईला शिकामू सांगा.
तुमची असुमिनी

नेवाला, २२ सप्टेंबर

चि. असुमिनी हिस आशीर्वाद.

पट्ट्या कपाटात ठेवल्यात. बाई, मी उखळात पीठ कुटत कुटत स्वतःच्या गिरणीपर्यंत आलो. तीन गावं माझं पीठ खातात. मीही खातो आणि चांगला ठणठणीत उभा आहे. माझ्याच पिठात विष आहे, हे चहाच्या टपरीवर कुठल्या तोंडाने सांगू? अभ्यास कर, बापाला शिकवू नकोस.

झैना काल शाळेच्या वाटेवर पडली. ठेच लागली असेल.

बाबा

दारेसलाम, २८ सप्टेंबर

ती. बाबांस शिकामू.

तुम्ही उभे आहात ते माशांमुळे. माशातल्या प्रथिनांतलं गंधक विषाला निकामी करतं. झैना मासा खात नाही. बाबा, पट्टी टांगा. विटकरी झालीच, तर आमचे सर एक उपाय सांगतात: पीठ थोड्या पाण्यात ओलं करून सावलीत बोटाएवढं पातळ पाच तास पसरायचं. विकर पिठात असतंच, ओल मिळाली की कामाला लागतं. त्याच दिवशी रांधा आणि पुन्हा पट्टी लावून बघा.

उत्तराची वाट पाहते.
असुमिनी

नेवाला, १३ ऑक्टोबर

चि. असुमिनी हिस आशीर्वाद.

तुझ्या आईची नजर चुकवून पट्टी टांगली. दिवस सरायच्या आत विटेसारखी झाली. पहिल्यांदा मनात आलं, की पीठ ओलं करायची नवी रीत नुसती सांगून टाकावी, कारण सांगू नये. खोटं कशाला बोलू, दोन दिवस तसंच सांगितलं. निम्म्या बायका हसल्या आणि कोरडंच घेऊन गेल्या. शुक्रवारी नमाजानंतर उभा राहिलो आणि सगळं बोललो. सोमोएचा नवरा उठून निघून गेला.

आता दारोदारी सावलीत पीठ पसरलेलं असतं. झैनाला डॉक्टरांनी एका पायावर उड्या मारायला लावलं. पाय शाबूत आहेत. मासा आता रडतखडत गिळते.

सोमोएचे पाय सुधारणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. दोन काठ्यांवर चालते. तिचं पीठ मीच पोचवतो, पट्टी ती स्वतः टांगते. काल पट्टी दिवसभरात जराही बदलली नाही. तिने ती उजेडात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तपासायला दुसरी मागितली. दिली.

पट्ट्या संपत आल्यात. जास्तीच्या पाठव.

तुझा बाबा