अप्पांची पाच इंजेक्शनं

७ जुलै २०२५
तांबडी गाय गेली! गावाहून अप्पांचा फोन. चार दिवस लाळ गाळत होती, कडबा तोंडात धरत नव्हती. घशात काहीतरी अडकलं असणार म्हणून परवा अप्पांनी कोपरापर्यंत हात आत घातला – गावात कुणाचंही जनावर अडलं की तेच करतात. दातांनी हात खरचटला. आज गुरांचे डॉक्टर म्हणाले, पिसाळलेली होती, लगेच इंजेक्शन घ्या.
मी इथं बीदरला. काही सुचेना.

८ जुलै
वीरेशनं अप्पांना कालच जीपमधून कमलनगरला नेलं. पहिलं झालं. धाकटा असून माझा भाऊ माझ्यापेक्षा शांत डोक्याचा आहे.
अप्पांची कुरकुर चालूच. गाय तर गेली, आता मला कामून टोचायलात?

१२ जुलै
नेमका आजच विषाणूंचा धडा! पिसाळण्याचाच विषाणू घेतला. त्याच्याकडं प्रथिनं बनवायचं यंत्र नसतं, नुसता मजकूर असतो. मज्जापेशीत शिरून तो त्याच्या प्रती काढतो. मग पेशीचेच रायबोझोम त्या प्रती वाचतात आणि त्याची प्रथिनं बनवत बसतात – मोजून पाच. पेशी बाहेरून धडधाकट दिसते.
"तिला कळत नाही का मॅडम?" हर्षिता, पहिल्या बाकावरची.
नाही म्हटलं. रायबोझोम समोर येईल ते वाचतो, कुणाचं आहे ते बघत नाही. पहिली खूण म्हणजे विषाणू शिरला त्या जागी मुंग्या, तेही सांगितलं. अप्पांच्या हातात या घडीला काय चाललं असेल? मला भीती वाटते. लिहूनच टाकते – फार भीती वाटते.

२१ जुलै
चौथं चुकणारच होतं! शेजारच्या निंगप्पानं कसला पाला दिला म्हणे, आणि वर पथ्य – एकवीस दिवस सुई घ्यायची नाही. अप्पा अडून बसले. मी फोनवर ओरडले. जन्मात पहिल्यांदा अप्पांवर ओरडले. शेवटी वीरेशनं दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

४ ऑगस्ट
पाचवं झालं. सुटलो एकदाचे! आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२ सप्टेंबर
वीरेशचा फोन. गिअर टाकताना डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणे, चार दिवस झाले. काही चावलं का, विचारलं.
"न्हाई अक्का. त्या दिवशी गायीची जीभ मीच ह्याच हातानं धरलो होतो की. अप्पांचा हात आत जायला पायजे म्हणून."