वरचा खोका

३ फेब्रुवारी
आजपासून वडनेर भोलजीच्या पार्सल गोदामात सुपरवायझर. आईनं सोनाळ्याहून दिलेले पेढे सगळ्यांना वाटले. महामार्गालगत पत्र्याचं मोठं शेड, कोपऱ्यात माझी काचेची केबिन. खोके गावांप्रमाणे लावायचं काम सिंधूताईंकडे. त्यांनीच सगळं समजावलं. जड खाली, हलकं वर, थप्पी खांद्यापेक्षा उंच नको. बरी माणसं आहेत. जमेल मला इथं.

११ फेब्रुवारी
गाडीत माल जास्त आला, जागा उरली नाही. सिंधूताई चहाला गेल्या होत्या. मोटारपंपाचा खोका मीच थप्पीवर चढवला. तासाभरानं तो त्यांच्या मानेवर पडला.

१२ फेब्रुवारी
अपघाताच्या फॉर्मवर कारण लिहायचं होतं. 'कामगाराने खालचा खोका ओढला' असं लिहिलं. अक्षर छान आलं. नंतर दवाखान्यात गेलो. सिंधूताई हळूच म्हणाल्या, "साहेब, वरचा तुमीच ठेवला होता नं?"
आठवत नाही, म्हणालो. त्यांनी डोळे मिटून घेतले.

१६ फेब्रुवारी
सिंधूताई काल गेल्या. आज त्यांच्या घरी जाऊन आलो. मुलगी प्रेरणा, वीस-बावीसची. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "आईचंच ध्यान नसन. तुमाले उगीच तरास झाला, साहेब."
मी ते पाणी प्यालो. सगळं.

२० फेब्रुवारी
सगळ्या थप्प्या खांद्याखाली करून घेतल्या होत्या. सकाळी मधली थप्पी छताला टेकलेली, आणि वर पंपाचा खोका. कोपरा चेपलेला, तोच. तो तर परवाच कंपनीला परत पाठवला. माणसांना विचारलं. कोणता खोका, म्हणाले.

२१ फेब्रुवारी
शिडी लावून उतरवला. हाताला कोमट लागला, माणसाच्या मानेसारखा. जेवून आलो — पुन्हा वर.

२४ फेब्रुवारी
प्रेरणा कामाला लागली. आईच्या जागेवर. नको म्हणायला हवं होतं. पण का, ते सांगावं लागलं असतं —

२५ फेब्रुवारी, दुपार
काचेतून दिसतंय. प्रेरणा थप्पीखाली बसलीय. लेबलं वाचतेय.
खोका सरकला. बोटभर.
ओरडायला हवं. ओरडलो तर विचारेल, तुमाले कसं कळलं —
अजून बोटभर —
तिनं मान वर केली. खोक्याकडे नाही, माझ्याकडे. हसली.
मी मान खाली घातली. लिहितोय. मानेला वरून काहीतरी कोमट टेकलंय. वर बघवत ना—