ओढ्यापलीकडचं निशाण

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ. हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं; मन अजून तयार नाही.

तुमच्या मंडळाची शर्यतीची यादी काल मिळाली. सत्त्याऐंशी धावपटू. शहाऐंशी जणांपुढे वेळ, आणि एकशे चौदा नंबरापुढे, म्हणजे माझ्यापुढे, ‘शर्यत पूर्ण केली नाही’. ते वाचून मशीनवर बसले आणि गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले.

बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा धावले मी. आठ महिने गल्लीतली कुत्री अंगावर घेत तयारी केली. त्या दिवशी शेतातून, ओढ्यातून, चढावरून धावले, दोनदा पडले आणि पोचले. पोचले तेव्हा घड्याळ खोक्यात, कमान जमिनीवर, आणि एक गृहस्थ उरलेली केळी पिशवीत भरत होते. त्यांनी मलाच विचारलं, की कोणाला शोधताय. छातीवर हातभर नंबर, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मी कोणाला शोधतेय म्हणे!

तू पाय मुरगळलेल्या कोणा बघ्याला घेऊन दवाखान्यात गेलेला, आणि माझी बस सुटायला आलेली. भांडायलाही वेळ मिळाला नाही, तो आता काढते आहे. बक्षीस नको, पदक नको. ती ओळ तेवढी खोडून घे.

लोभ तूर्त राखून ठेवला आहे.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोस्टमनने चिमट्यात धरून आणलं असावं, इतकं तापलेलं होतं.

रागावू नकोस, पण तू वाट चुकली असशील. मी सरकारी मोजणीदार. मार्ग चाक फिरवून मी मोजला, साठही निशाणं माझ्या हाताने रोवली. चुकायला जागाच नव्हती. पण लहानपणी तू मावशीच्या घरी जायला निघून शाळेत पोचायचीस, हेही खरं ना?

तरी आमच्या अध्यक्षांशी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांशी, बोललो; तेही धावले होते. ते म्हणाले, शहाऐंशी माणसं एका वाटेने आली आणि एक बाई दुसरीने, तर चुकलं कोण हे विचारायचं कशाला. ‘सहभागाबद्दल कौतुक’ असं प्रमाणपत्र मात्र देतो म्हणाले. घेऊन टाक आणि विषय मिटव.

भाऊजींना नमस्कार. राखून ठेवलेल्या लोभातला थोडा इकडे पाठव.

बारक्या

१३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद पुढच्या पत्री, तुझ्या वागण्यावर अवलंबून.

ते प्रमाणपत्र डॉक्टरांच्या दवाखान्यात टांग. दात उपटताना पेशंटला बघायला काहीतरी हवं.

निशाणं तू रोवलीस, पण शिवली कोणी? गिऱ्हाइकं थांबवून एकेकाला टीप मी घातली. लाल डाव्या हाताला, पांढरं उजव्या, मधून धावायचं, हे तूच पढवलंस. तीस वर्षं मी खडूच्या रेघेवरून कात्री चालवते. शेजारी कोण कुठे कापतंय ते बघत नाही. फाट्यावर सगळा लोंढा उजवीकडे सपाट रस्त्याला लागलेला मला मागून दिसला. निशाणं डावीकडे ओढ्यात उतरत होती. मी निशाणांमागे गेले. आणि माझा सख्खा भाऊ मला शाळा आणि मावशी ऐकवतो!

आता नीट वाच. लाल दोरा संपला म्हणून एकाच लाल निशाणाला निळी टीप घातली होती. ते ओढ्यापलीकडे फुटक्या पाइपाशेजारी उभं आहे. घसरले तेव्हा तेच मुठीत धरून वर चढले. तुझा आळस मला ठाऊक आहे, निशाणं अजून काढली नसशील. जाऊन बघ. नसलं, तर खुशाल मला चुकलेली म्हण. असलं, तर डॉक्टरांना विचार, की तुमचे बूट कोरडे कसे.

लोभाचं त्यानंतर बघू.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. या वेळी खरोखरच वाकून.

निशाण सापडलं. फुटक्या पाइपाशेजारी, निळी टीप, आणि कापडावर तुझ्या चार बोटांचा वाळलेला चिखल.

मग चाक घेऊन दोन्ही वाटा मोजल्या. निशाणांची वाट आठ किलोमीटर. बाकीच्यांची सहा किलोमीटर सातशे मीटर. सगळ्यांत पुढे अध्यक्ष होते. ते रोज सकाळी फिरायला जातात आणि त्या फाट्याला उजवीकडे वळतात. त्या दिवशीही पाय सवयीने वळले. मागचे पंच्याऐंशी त्यांच्या पाठीकडे बघत धावले. आणि मी, स्वतः रोवलेली निशाणं सोडून, गर्दीवर विश्वास ठेवला.

बैठकीत आकडे मांडले. अध्यक्ष म्हणाले, लोकांची पदकं परत मागून शोभा करायची का? त्यापेक्षा मार्ग मुळातच सहा किलोमीटर सातशेचा होता असं लिहू, खाली मोजणीदाराने सही करावी. ताई, मोजणीवर खोटी सही मागितली माझ्याकडे! सही केली, पण राजीनाम्यावर.

नवी यादी मी स्वतः लिहून मंडळाच्या फलकावर लावली. अध्यक्षांनी काढली. परत लावली. आज तिसरी खेप. एक प्रत सोबत आहे. शहाऐंशी जणांपुढे ‘शर्यत पूर्ण केली नाही’. एकशे चौदापुढे वेळ काय लिहावी कळेना, घड्याळ खोक्यात होतं. म्हणून ‘पोचली’ एवढंच लिहिलं.

निशाण माझ्या कपाटात आहे, न धुतलेलं. राखून ठेवलेला लोभ आता सोडावा.

तुझा,
उशिरा पोचलेला बारक्या