कर्नलची बायको जिवंत आहे

२ जानेवारी, सकाळी
संकल्प. कर्नलचा पंचविसावा भाग मार्चअखेर हातावेगळा करायचा. रोज हजार शब्द. टीव्ही बंद. फोन दुसऱ्या खोलीत.

तीस वर्षांत चोवीस पुस्तकं. चार लष्करी उठाव, तीन पंतप्रधान ठार, दोन अणुबॉम्ब (एक फुटला नाही), एकदा अख्खी संसद उडवली. सगळं या एका टेबलावरून. एवढं मोठं जग एकट्याने उभं करणारा लेखक आपल्या भाषेत दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, पंधराव्या भागाच्या मलपृष्ठावर छापलंय. मजकूर मीच लिहून दिला होता, पण छापला त्यांनी.

जुने प्रकाशक वारले. आता चिरंजीव बघतात. त्यांचा मेसेज आलाय, एकदा बसून बोलू. पंचविसावा भाग म्हणजे सत्कार असणार. कोट इस्त्रीला टाकला.

३ जानेवारी
सुरुवात केली. 'कर्नलने क्षितिजाकडे पाहिलं.' थांबलो. टेबल डुगडुगतंय. अशा टेबलावर युद्ध कसं होणार? पायाखाली कागदाची घडी घातली. तेवढ्यात जेवायची वेळ झाली.

११ जानेवारी
संरक्षणमंत्री जिवंत आहेत की त्यांना चौदाव्या भागात विमानासकट पाडलं, आठवेना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, मला काय माहीत, आठव्यानंतर मी एकही वाचलेला नाही. आठव्यात मी कर्नलच्या बायकोला वकिलातीच्या स्फोटात मारलं, तेव्हापासून तिचं मन उडालं म्हणे. ऐकून ऐकून कान किटले. हिला व्यूहरचना कळत नाही. लग्न झालेला हीरो शत्रूच्या हद्दीत घुसूच शकत नाही. पोचल्यावर घरी फोन करावा लागतो.

मंत्र्यांना जिवंत धरलं. कोण बघायला बसलंय!

२० जानेवारी
चिरंजीवांना भेटलो. सत्काराचा विषय त्यांनी काढला नाही. सरप्राइज असेल. माझ्या मदतीला एक संपादक दिली आहे. तिशीची मुलगी, गळ्यात कायम हेडफोन. मी मनातल्या मनात तिचं नाव हेडफोनच ठेवलं. चोवीसही भाग वाचलेत, म्हणाली. चाहती आहे, चेहऱ्यावरूनच कळतं. मग विचारलं, सर, कर्नलचं वय आता काय धरायचं, पहिल्या भागात पस्तिशीचा होता आणि मध्ये दोनदा रिटायर झालाय. मी म्हणालो, सैनिक कागदावर रिटायर होतो, मनाने नाही. ती हसली. आदराने.

कोट घामाने खराब झाला. परत इस्त्री.

५ फेब्रुवारी
आठ प्रकरणं पाठवली! हात असा कधी चालला नव्हता. सीमेवर धुमश्चक्री, राजधानीत कट, मध्येच एक घरगुती प्रसंगही उतरला. वाचून हेडफोन गार पडेल.

९ फेब्रुवारी
हेडफोनचा फोन. तिसऱ्या प्रकरणात कर्नल सीमेवरून घरी येतो, बायको दार उघडते, ओला रेनकोट घेते आणि म्हणते, पाय किती सुजलेत तुमचे, बसा आधी. हेडफोनने विचारलं, सर, त्या आठव्या भागात गेल्या ना?

मी क्षणभरही डगमगलो नाही. तिला सांगितलं की तेच तर या भागाचं रहस्य आहे. कर्नलची बायको जिवंत आहे. ती म्हणाली, मग शवपेटीत कोण होतं? मी म्हणालो, ते सव्विसाव्या भागात. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसलो.

झालं असं की तो प्रसंग लिहिला त्या दिवशी मी डॉक्टरकडून अवकाळी पावसात भिजून आलो होतो. दार बायकोने उघडलं. रेनकोट घेतला. पायांबद्दलही तीच बोलली. मी आत जाऊन लिहायला बसलो आणि ते जसंच्या तसं उतरलं. ती बाई मी स्वतः मारली आहे, हे लिहिताना एकदाही मनात आलं नाही.

१० फेब्रुवारी
उलट बरंच झालं. मोठ्या लेखकांच्या चुकाही मोठ्या असतात. आता बाईला वाचवायचं कसं? जुळी बहीण? सतराव्यात वापरली. स्मृतिभ्रंश? अकराव्यात आणि एकोणिसाव्यात वापरला. प्लास्टिक सर्जरी पंतप्रधानांना दिली. काहीतरी सुचेल. सुचतंच.

२६ फेब्रुवारी
सुचलं नाही. शेजारी भिंतीला ड्रिल मारतायत. त्यात गुडघा. त्यात बायको सकाळ-संध्याकाळ विचारते, कुठवर आलं? मी म्हटलं, युद्ध ऐन रंगात आहे. ती म्हणाली, छान, आणि भाजी निवडायला गेली. हिला माझ्या कामात काडीचा रस नाही.

१५ मार्च
प्रकाशकांच्या ऑफिसात जाऊन आलो. चिरंजीव फार कामात. पण भेट झाली. बोलणं मोजकं आणि अर्थपूर्ण. लिफ्टपर्यंत सोडायला आले होते. घरी विचारलं तेव्हा सांगितलं, मीटिंग उत्तम झाली.

१८ मार्च
मेल आलं. पंचविसावा भाग हेडफोन लिहिणार. मुखपृष्ठावर माझं नाव मोठ्ठं. तिचं आतल्या पानावर, बारीक.

तीनदा वाचलं. शांतपणे विचार केला. ही बढतीच आहे. सेनापती कधी स्वतः बंदूक चालवतो का? तो नकाशा बघतो. जग मी निर्माण केलं, आता त्यात माणसं कामाला लावायची.

बायकोला इतक्यात सांगायचं नाही. तिला उगाच काळजी.

२२ मार्च
भाचा वकील आहे. त्याला सहज विचारलं. त्याने जुना करार वाचला. मग म्हणाला, मामा, न वाचताच सही केली होतीस का? कर्नल प्रकाशकांचा आहे. देश त्यांचा, राजधानी त्यांची, पलीकडचा देशही त्यांचाच. म्हणजे माझ्याकडे शत्रूसुद्धा उरला नाही. भाच्याला म्हटलं, तुला साहित्यातलं कळत नाही. लहानपणी याला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय.

३ एप्रिल
चिरंजीवांना सणसणीत पत्र लिहायचं ठरवलं. त्यांच्या वडिलांना मी घर बांधून दिलं, कर्नलच्या जिवावर. या पोराला पहिल्या भागाचं कथानकही सांगता येणार नाही. चार पानांचा कच्चा खर्डा झाला. एकेक वाक्य असं की वाचणाऱ्याने तोंड लपवावं.

४ एप्रिल
पाठवलं. शेवटी पत्र आटोपशीर केलं. 'ठीक आहे. शुभेच्छा.'

१२ मे
रोज सकाळी खोलीत जातो, दार लावतो. कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो. बाहेर बायको टीव्हीचा आवाज बंद करते. कोणी आलं तर दारातच हळू बोलते, ते लिहितायत. तिचं ते हळू बोलणं दारातून ऐकू येतं. आज ऐकलं. राग आला. तिचाच. तिने थोडा दंगा केला असता तर म्हणता आलं असतं की घरात लिहायला शांतता नाही.

१ ऑगस्ट
बायकोने विचारलं, संपत आलं का? मी म्हणालो, शेवटचं प्रकरण. ती म्हणाली, दमलेले दिसता. पत्ते खेळूनही माणूस दमतो.

१७ सप्टेंबर
पुस्तक आलं. मुखपृष्ठावर माझं नाव कर्नलपेक्षा मोठं. वाचणार नाही. लेकीच्या वयाच्या पोरीने माझ्या जगात काय दिवे लावलेत, ते बघायची मला गरज नाही.

१८ सप्टेंबर
नजर टाकली. अधूनमधून. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

धुक्यात हेलिकॉप्टर उडवलंय. घोडचूक. बाकी माझीच शैली उचलली आहे. माझी चूक मात्र तिने निस्तरलेली नाही, उलट तिच्यावरच सगळं पुस्तक उभं केलंय. कर्नलची बायको खरंच जिवंत. शत्रूने पळवलेली वगैरे नाही. तिने वकिलातीतला स्फोट साधून स्वतःचं मरण स्वतःच जमवलं, कारण तिला कर्नलपासून सुटायचं होतं. कर्नल तिला शोधत जातो तेव्हा ती परक्या गावात शिवणाचा क्लास चालवत असते आणि त्याला बसा म्हणते. बस, एवढंच. सैन्यदलाचा अपमान आहे हा.

आतलं एक पान छपाईत खराब आलं होतं. ब्लेडने काढून टाकलं. हेडफोनचं नाव त्याच पानावर होतं, हा योगायोग. मग पुस्तक बाहेरच्या टेबलावर ठेवलं, बायकोला दिसेलसं. दिसलं तरी वाचायची नाही.

२० सप्टेंबर, दुपार
बायकोने वाचायला घेतलं.

काल दिवसभर वाचत होती. जेवण उशिरा. आज सकाळी दूध उतू गेलं तरी उठली नाही. थोड्या वेळापूर्वी खोलीत आली. दार न वाजवता, पहिल्यांदाच. माझ्याजवळ बसली. डोळे लाल.

तिने सातवं प्रकरण उघडलं. त्यात कर्नल सकाळपासून मंत्रालयात बाहेरच्या सोफ्यावर बसलेला आहे. इस्त्रीचा कोट घातलाय. आत कोणी बोलावत नाही. ओळखत तर कोणीच नाही. फरशी पुसणारी बाई त्याला म्हणते, आजोबा, पाय वर घ्या. तो घेतो. तिचं पुसून झालं तरी तसेच वर धरून बसतो, खाली ठेवायचे का ते कोणाला विचारावं हे त्याला कळत नाही. संध्याकाळी साहेब लिफ्टकडे जाताना दिसतात. तो उठेपर्यंत दार बंद होतं. घरी येऊन सांगतो, मीटिंग उत्तम झाली.

१५ मार्चला हेडफोन समोरच्या काचेच्या केबिनमध्ये बसली होती. दोनदा पाणी आणून दिलं होतं तिने. मला वाटलं होतं, चाहती आहे. मी घरी येऊन काय सांगितलं असेल, ते तिने कसं ओळखलं कोण जाणे.

बायको म्हणाली, अहो, मला वाटायचं की तुम्हाला काही कळतच नाही. तुम्ही घरी येऊन काय सांगता आणि खरं काय झालेलं असतं, ते मला दारातच कळायचं. पण तुम्ही हे स्वतः लिहाल, असं वाटलं नव्हतं. इतकं खरं लिहायला छाती लागते, म्हणाली. किती वर्षांनी तिने माझ्या हातावर हात ठेवला.

सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तिचा हात बाजूला होईल असं वाटलं. म्हणालो, हो, तो भाग लिहिताना फार त्रास झाला.

मग ते प्रकरण तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. वाचलं. चांगलं लिहिलंय.