तेवीस आणि एक

सोमवार, ६ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर जिन्यातच गाठलं. महिनाअखेरीला समिती बसतेय, तुम्हाला कायम करायचा विषय आहे, तोवर जरा जपून. जरा जपून म्हणजे काय, ते मुख्याध्यापिकेने सांगायचं नसतं बहुतेक.

वर्गात मात्र नेहमीचा सोमवार. नवं अक्षर – ढ. ढगातला, ढोलातला. टोपीने विचारलं, "बाई, ढ म्हणजे मी का? बाबा म्हणतात." सगळे हसले, तोही हसला. हा झोपेतही डोक्यावरची टोपी काढत नसेल. वाचायला बसवलं की घाम फुटतो, पण चित्रांचं पुस्तक दिलं की दोन-दोन तास हूं की चूं नाही. त्याच्या बाबांना एकदा भेटायला बोलवायला हवं.

मग आठवड्याची कामं वाटली. फळा पुसणारा, खिडक्या उघडणारी, कुंडीला पाणी घालणारा, आणि ज्याच्यावरून भांडणं होतात ते – मोजणीदार. या आठवड्यात बटण. पहिलीतली सगळ्यांत लहान मुलगी, हे नाव घरच्यांनीच ठेवलंय. दारात उभं राहून, एकेकाच्या डोक्याला बोट लावत मोजलं आणि जाहीर केलं, "तेवीस!" पट चोवीसचा आहे आणि सगळे हजर होते. स्वतःला मोजायचं राहिलं!

प्रत्येकाचं हेच होतं. म्हणून वर्गाचा नियम – मोजणीदाराला कोणी सांगायचं नाही, ज्याचं त्याने शोधायचं. ज्यांना कळलंय ते तोंडावर हात दाबून खुदुखुदु हसतात. तोवर मी मनातल्या मनात एक मिळवते. कधी दोन दिवस लागतात, कधी आठवडा. पण स्वतःला विसरलो हे कळतं तेव्हाचा पोरांचा चेहरा! त्यासाठी मी ही नोकरी करते, पगारासाठी नाही. (पगारासाठीही.)

मंगळवार, ७ फेब्रुवारी

दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधले. रबर तुटून दोघांच्या नाकावर बसले. बटणाने मोजणी काड्यांनी मांडली – दोन गठ्ठे, तीन सुट्या. बरोबर मांडली, फक्त एक काडी कमी.

दुसरीच्या बाई दारातून डोकावल्या. "अहो, सांगून टाका की तिला. किती अंत बघाल?" मी म्हटलं, सांगितलेलं विसरतात, सापडलेलं नाही विसरत. जरा ऐटीतच म्हटलं. त्या मान उडवून गेल्या.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आजही तेवीस. दोनदा मोजलं, दोनदा तेवीस. कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि बटणाने डबा उघडलाच नाही. सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

मातीची अक्षरं केली. अर्धा वर्ग चिखल, मी पाऊण.

उद्या पोरांना वाचनालयात न्यायचंय. मोठ्या बाईंनी पुन्हा बोलावलं – शाळेच्या मावशी बरोबर येतील, एकही मूल नजरेआड नको, आणि समितीतले एकजण तिकडे सहज चक्कर टाकणार आहेत. सहज! ताईला सांगितलं तर म्हणाली, "तू फक्त शांत दिस. आतून काय व्हायचं ते होऊ दे." मोठी बहीण आहे, घरभाडं तीच भरते, तिचं ऐकावंच लागतं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

नीट क्रमाने लिहिते.

वाचनालयात सगळं छान झालं. समितीतले गृहस्थ आले, पोरांनी त्यांना ढ वाचून दाखवला, ते खूश होऊन गेले. जेवणाच्या सुट्टीसाठी वाचनालय बंद व्हायची वेळ झाली म्हणून ग्रंथपाल घाई करत होते. बाहेर बस अर्ध्या रस्त्यात उभी, मागे हॉर्नवर हॉर्न. एकाच्या बुटाची नाडी, एकीला ओकारी, मावशी तिचं तोंड धूत होत्या. बटण बसच्या पायरीवर उभी राहून मोजत होती. "बाई, तेवीस." मी म्हटलं, शाब्बास, चला. तिने माझी ओढणी ओढली. "बाई, तेवीसच आहेत." मी म्हटलं हो गं राणी, बस आता. मनात एक मिळवला. चोवीस. बस निघाली.

शाळेत डबे उघडले. सगळे जेवायला लागले आणि एक डबा बाकावर तसाच. टोपीचा.

मावशींना वर्गावर बसवलं आणि ड्रायव्हरदादांना घेऊन तशीच उलट निघाले. दादांनी गाडी जोरात हाकली. मी रस्त्यावरच्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर टोपी शोधत होते. मध्ये तो मोठा चौक. त्या चौकाकडे मला बघवेना.

वाचनालयाला कुलूप. काचेच्या दारामागे टोपी उभा. रडत नव्हता. चड्डी ओली, टोपी हातात, काचेला नाक लावलेलं. मी काचेला हात लावला, त्याने पलीकडून लावला. ग्रंथपाल घरून किल्ली घेऊन येईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. खिडकीच्या पडद्यामागे बसून पुस्तक बघत होता म्हणे. मान वर केली तर कोणी नाही.

दार उघडल्यावर म्हणाला, "बाई, मी ढ आहे म्हणून मला विसरलात?"

शनिवार, ११ फेब्रुवारी

टोपीचे बाबा आले होते. आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला असेल. बरोबरच आहे त्यांचं. माझं मूल असतं तर मी खुर्ची फेकली असती.

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी दार लावलं. "मोजणी झाली होती की नाही?" झाली होती. "कोणी केली?" सांगितलं. मग आम्ही दोघींनी हिशेब लावला. बटण स्वतःला मोजत नाही. टोपी नसताना बावीस यायला हवे होते, तरी तेवीस म्हणाली. म्हणजे तिने कोणालातरी दोनदा मोजलं. दुसरं काय असणार? मोठ्या बाईंचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, "मग तसंच लिहू. लहान मूल चुकलं म्हटलं की लोक मनावर घेत नाहीत. तुम्ही चुकलात म्हटलं तर तुम्हीही जाल आणि शाळेचं नावही."

मी स्वतः मोजायला हवं होतं, असं म्हटलं. खरंच म्हटलं. पण हळू म्हटलं. त्यांनी ऐकलं नसेल, किंवा ऐकून सोडून दिलं असेल. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

ताईचा जीव भांड्यात पडला. "खोटं तर काही नाहीये ना त्यात? मग गप्प बस."

सोमवार, १३ फेब्रुवारी

टोपी आला! खिशात पडद्याचा धागा घेऊन आला, सगळ्यांना दाखवत फिरला. त्याला काही नाही.

बटणाला आहे. पोरांना घरून कळलेलं दिसतंय. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती फेर धरून, "एकाला दोनदा, एकाला दोनदा." मी ओरडले, तेव्हा पांगले. ती हात बाकाखाली घालून बसली होती. नवं अक्षर वाचायला उठवलं तर उठली, बोलली नाही. तिला येतं ते!

शाळा सुटताना तिची आई आली. मला वाटलं, भांडायला. तिने हात जोडले. "बाई, आमच्या पोरीपायी तुम्हाला एवढं ऐकून घ्यावं लागलं. घरी चांगलं समजावलंय तिला." बटण मागे उभी, आईच्या पिशवीचा बंद धरून. मी म्हटलं, अहो लहान आहे, होतं असं. मी, वर तिलाच क्षमा केली! लाज वाटली, कशाची ते नीटसं कळेना.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

बटण गैरहजर. पोट दुखतंय म्हणे.

बुधवार, १५ फेब्रुवारी

समिती महिनाअखेरऐवजी आजच बसली, वाचनालयाच्या प्रकरणामुळे. मोठ्या बाईंनी अहवाल वाचला, खाली माझी सही. टोपीचे बाबाही होते. ऐकून म्हणाले, पहिलीतलं पोर, त्याला काय बोलणार. विषय मिटला. मला कायम करायचंही ठरलं, परवा पत्र मिळेल.

ताईने मिठी मारली. मी पण हसले. बटण आजही आली नव्हती.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

बटण आली. सगळे मैदानावर गेल्यावर तिला थांबवलं, म्हटलं, पुन्हा मोजणीदार होतेस का? मान हलवली, नको. म्हटलं, बरं, मला एकदा त्या खिडकीतून मोजून दाखव, कोणी बघत नाही. तिने मैदानावर बोट फिरवत मोजलं, सावकाश, एकालाही दोनदा नाही. तेवीस. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. चोवीस.

कधी कळलं गं तुला?

"सहलीच्या आदल्या दिवशी. आजोबांनी सांगितलं. तुम्ही म्हणाला होता कोणी सांगायचं नाही, म्हणून मी बोलले नाही. आजोबांना रागवू नका."

म्हणजे बसच्या पायरीवर ती बरोबर होती. एक मूल कमी आहे हे तिने मला सांगितलं, ओढणी ओढून सांगितलं.

मोठ्या बाईंच्या दाराबाहेर बाकावर बसून हे लिहितेय. आत कोणीतरी आहे. अहवालावरची सही मागे घेते म्हणून सांगायचं, ते पत्र उद्या आलं नाही तरी चालेल. मग वर्गात जाऊन चोवीस पोरांसमोर उभं राहायचंय. त्याचीच जास्त भीती वाटतेय.